काळ्यातलं काळं

दशरथभाऊ लेंडे दुकानात आले की आधी ट्यूबलाइट बंद करायचे. विचारायचे नाहीत. दारातून आत पाऊल टाकलं की डाव्या हाताला बटणांचा बोर्ड आहे, त्यातलं तिसरं बटण वर. मग शटर अर्ध्यावर ओढायचं. मग शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढायचा. तो एक्स-रे फिल्मच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेला असायचा. आणि ओळीनं मांडलेल्या मॉनिटरांसमोर कमरेवर हात ठेवून उभं राहायचं.

"हां. आता काळ्यातलं काळं दाखवा, राव."

नारायणगावात स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मॉनिटर घ्यायला येणारं गिऱ्हाईक बहुतेक एकच विचारतं, किती इंची? कुणी हुशार असला तर वायर सोबत मिळते का विचारतो. आत कुठलं पॅनल आहे, म्हणजे पडदा कुठल्या जातीचा आहे, हे एवढ्या वर्षांत मला दोन-चार जणांनी विचारलं असेल. दशरथभाऊंनी मला इंच कधीच विचारले नाहीत.

ते मूळचे पिंपळवंडीचे. मंचरच्या बाजूला हायवेला लागून एक खाजगी हॉस्पिटल होतं, तिथं एक्स-रे काढायचे. पन्नाशीचा, उंच, काटक माणूस. बोटांची नखं कडेनं तपकिरी. पूर्वी फिल्म हातानं धुवायची पद्धत होती, त्या औषधाचे ते डाग; मशीन बदलून जमाना झाला तरी गेले नव्हते. बोलताना ते मान जराशी तिरकी करून बघायचे, आधी उजवीकडून, मग डावीकडून. मला वाटलं मानेचं काही दुखणं असेल. पुढं कळलं की ती सवय होती. कुठलीही गोष्ट एका बाजूनं बघून तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं त्यांच्या अंगातच मुरलेलं होतं.

पहिल्यांदा आले ते उभ्या उभ्याच म्हणाले, "आमच्या मॉनिटरच्या पाठीला तुमच्या दुकानाचा स्टिकर हाय."

"हो, आम्हीच दिलेत. बसा ना. बिघडला का?"

"बिघडला असता तर बरं झालं असतं."

मला ती ऑर्डर आठवत होती. हॉस्पिटलनं एकदम सहा मॉनिटर मागवले होते. मी फोनवर विचारलं होतं, कशासाठी पाहिजेत? तिकडून उत्तर आलं, साधे द्या, काम चालल्याशी कारण. मी साधे दिले. रिसेप्शनला एक, औषधांच्या खिडकीला एक, असे ते वाटले गेले. त्यातलाच एक गेला एक्स-रेच्या खोलीत आणि एक डॉक्टरांच्या टेबलावर. पेशंटचं नाव लिहायला जो मॉनिटर, छातीचा फोटो वाचायलाही तोच.

"सरळ बसलं की एक दिसतं, वाकलं की दुसरं दिसतं," दशरथभाऊ म्हणाले. "आता ह्यातलं खरं कोनतं, ते डॉक्टरनं कसं ठरवायचं?"

मी त्यांना सांगितलं की ते टीएन पॅनल आहे, त्याचा स्वभावच तसा असतो. त्याच्यापेक्षा चांगली पॅनल येतात. हे ऐकल्यावर त्यांनी स्टूल ओढलं. "दाखवा बरं."

त्या दिवशी दुपारचे दोन तास माझं दुकान अर्ध्या अंधारात होतं. पेनड्राइव्हमध्ये दोनच चित्रं होती. एक त्यांनी स्वतः बनवलेलं, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उभ्या पट्ट्यांचं. डावीकडच्या पहिल्या चार पट्ट्या इतक्या काळ्या की वेगळ्या ओळखू येणं मुश्कील. दुसरा एक छातीचा एक्स-रे, नाव खोडलेला. ही दोन चित्रं ते एकेका मॉनिटरवर लावायचे, आणि आधी उभं राहून, मग बसून, मग दोन्ही बाजूंनी बघायचे. नखानं पट्ट्या मोजायचे.

"ह्यो टीएन," ते म्हणाले. "चपळ हाय, गेम खेळनाऱ्याला द्या. पन मान हलली की शब्द फिरवतो."

मग व्हीए पॅनल. "ह्याचा काळा बघा! इहिरीत डोकावल्यागत. लई खोल. पन इहिरीत काय पडलंय, ते दिसत नाय. माझ्या दोन पट्ट्या गिळल्या ह्यानं."

मग आयपीएस पॅनलपुढं ते बराच वेळ बसले. "ह्याचा काळा काही काळा नाय. राख फासल्यागत हाय. कोपऱ्यातून उजेड झिरपतो. पन हिकडून बघा, तिकडून बघा, जे हाय ते हाय."

माझ्याकडं ओएलईडीचा एक लॅपटॉप होता, तोही मी हौसेनं काढून दाखवला. त्यात काळा म्हणजे तिथला उजेडच बंद, त्याच्यापुढं बाकीचे सगळे फिके. दशरथभाऊंच्या तोंडून नुसतं "आयला" निघालं. मी म्हटलं, पण एकच चित्र रोज तासन्‌तास ठेवलं तर त्याची खूण पडद्यावर कायमची बसू शकते.

त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला. "मंग नको. एकाच्या छातीतला डाग उद्या दुसऱ्याच्या छातीत दिसायचा."

एवढं करून ते काहीच न घेता उठले. मी विचारलं, घ्यायचा कधी? ते म्हणाले, "मी कुठला घेतोय. दवाखान्यानं घ्यायचाय. अर्ज देतो."

त्यानंतर ते दर सुट्टीच्या दिवशी यायला लागले. नवीन माल आला की मी त्यांची वाट बघायचो, हे खरं. खोकं फोडलं की पहिली परीक्षा त्यांची. पाच-सहा महिन्यांत मला जे कळलं, ते कुठल्या कंपनीच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. कागदावर सगळेच मॉनिटर उत्तम असतात.

एकदा ओतूरच्या एक शिक्षिका मुलीला घेऊन आल्या. मुलगी अवसरीला इंजिनिअरिंगला होती. मुलीचं मन एका वक्र मॉनिटरवर बसलं होतं. दशरथभाऊ कोपऱ्यात बसून होते. न राहवून उठले आणि मुलीजवळ आले.

"ताई, काय करनार ह्याच्यावर?"

"ड्रॉइंग. प्रोग्रॅमिंग."

"एकटीच बघनार, का मैत्रिनींसंगं?"

"प्रोजेक्ट असलं की चौघी बसतो."

"मंग ह्यो नका घेऊ. मधे बसलेलीला चांगला दिसंल, कडेच्या दोघींना फिका. भांडनं व्हतील." त्यांनी तिला आयपीएससमोर बसवलं, तिच्या आईला डावीकडं, मला उजवीकडं उभं केलं आणि स्वतः मागं गेले. "आता चौघांनी सांगा, ह्यो निळा कसा दिसतोय." चौघांना सारखाच दिसला. मुलीनं तो घेतला. जाताना बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमचे हे सेल्समन फार छान समजावून सांगतात हो." हे मी दशरथभाऊंना सांगितलं तेव्हा ते आधी लाजले, मग इतके हसले की ठसका लागला. पुढं कित्येक दिवस आत येताना म्हणायचे, "सेल्समन आला बरं का."

जुन्या दिवसांबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच बोलले. फिल्म होती तेव्हा अंधाऱ्या खोलीत औषधात बुडवून ती हलवायची, मनात आकडे मोजायचे, आणि धुऊन ओली तशीच उजेडाच्या पेटीवर लावायची. डॉक्टर आणि ते खांद्याला खांदा लावून बघायचे. "हे काय रे दशरथ?" डॉक्टर विचारायचे. "मला तर कायतरी वाटतंय सर." मग दोघं पुढं सरकायचे. "तवा माझं कुनीतरी ऐकत व्हतं," ते म्हणाले. "आता मी बटन दाबतो, फोटो तारेतनं जातो. डॉक्टर तिकडं, मी हिकडं."

हॉस्पिटलचा प्रिंटर बंद पडला म्हणून मी एकदा तिथं गेलो. डॉक्टरांच्या खोलीत टेबलाखाली फरशीवर लाल टेपचे चार तुकडे चिकटवलेले होते. खुर्चीची चाकं बरोबर त्यावर. मागच्या भिंतीवर पेन्सिलीची एक आडवी रेघ.

डॉक्टर हसून म्हणाले, "दशरथनं मला आखून दिलंय. इथं बसायचं, डोळे त्या रेघेच्या उंचीवर ठेवायचे आणि फोटो बघायचा. शाळेत बसल्यासारखं वाटतं."

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. सकाळी बाहेरची बाकडी भरलेली असायची, एकेकाला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळायची. त्यात रेघ कोण बघणार. झाडू मारणारी बाई खुर्ची सरकवायची, टेप घासून निघायचा. दशरथभाऊ पुन्हा चिकटवायचे. नव्या मॉनिटरसाठी त्यांनी तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा उत्तर एकच, पुढच्या वेळी बघू.

तिसऱ्या अर्जानंतर ते माझ्याकडं आले आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसून, नीट समोर बघून बोलले. "सुनीलशेठ, एक मागू का? तो आयपीएस महिनाभर द्या मला. डॉक्टरांच्या टेबलावर ठिवतो. एकदा डोळ्याला सवय लागली का ते परत देनार नायत. घेतीलच."

मी म्हटलं, "भाऊ, महिनाभर वापरलेला पीस परत आला तर मी कुणाला विकू?"

"बरं," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. दुकानदाराला दिवसातून चार वेळा नाही म्हणावं लागतं. संध्याकाळपर्यंत मी विसरलोही.

त्यांची एक थोरली बहीण होती, इंदूअक्का. बेल्ह्याला दिलेली. आई लवकर गेल्यामुळं अक्कानंच त्यांना कडेवर वाढवलं होतं. दुकानात असताना तिचा फोन आला की दशरथभाऊ उठून उभे राहून बोलायचे, तेवढं मी बघितलं होतं. तिला मी कधी भेटलो नव्हतो.

अर्जाच्या गोष्टीला वर्ष उलटून गेलं असेल. मधे दोन-तीन महिने ते आले नाहीत. मग एका दुपारी आले आणि ट्यूबलाइटला हात न लावता सरळ आत येऊन उभे राहिले. चेहरा बघून मीच उठलो, दिवा मालवला आणि शटर ओढलं.

"आयपीएस लावा," ते म्हणाले.

पेनड्राइव्हवर यावेळी एकच चित्र होतं. छातीचा फोटो. मी आता थोडंफार बघायला शिकलो होतो. उजव्या बाजूला वर, गळ्याच्या हाडाच्या आडोशाला, हरभऱ्याएवढा एक पांढुरका ठिपका होता. ठिपका म्हणण्याइतकाही नव्हता. भिंतीला तेलकट बोट लागावं तेवढाच.

"हे काय आहे?"

"अक्का," ते म्हणाले. "आठ म्हैन्यांपूर्वीचा फोटो. आता पुन्याला नेलं व्हतं. पार पसरलंय."

त्यांनी आयपीएसची वायर काढून माझ्या हातात दिली. ते म्हणाले, "आता दवाखान्यात दिला तसला लावा."

टीएनचा एक मॉनिटर होता. मी लावला. त्यांनी मला खांद्याला धरून समोर बसवलं, सरळ.

"दिसतंय?"

नव्हतं दिसत. हाडाची पांढरी कड होती आणि तिच्या शेजारी सगळं एकसारखं करडं.

"नाही."

"वाका आता. खाली."

मी वाकलो. पडद्याचा रंग फिरला आणि तो हरभरा हाडामागून वर आला. मी पुन्हा ताठ बसलो. गेला. पुन्हा वाकलो. तिथंच होता.

दशरथभाऊ स्टुलावर बसले. "डॉक्टरांनी बघितलं, म्हनाले साधा खोकला हाय, काही नाय. त्यांचं काय चुकलं नाय. रेघंवर डोळं ठिवूनबी वाकून बघावं लागतं, हे त्यांना ठावंच नव्हतं. मला ठावं व्हतं. सगळ्या दवाखान्यात मला एकट्याला ठावं व्हतं का वाकायचं. मी रोज वाकतो, सुनीलशेठ. परत्येक फोटोला. त्या दिवशी नाय वाकलो."

"का?"

"अक्का बोलत व्हती. तिच्या लग्नात मी तिच्या गाडीमागं रडत पळालो व्हतो, चड्डीबी नव्हती म्हने अंगात. ते आमच्या सिस्टरला सांगत व्हती. सिस्टर हसली, मीबी हसलो. फोटो सरळ बसून बघितला आनि पुढं धाडला."

बाहेर गल्लीत कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मी म्हणालो, "भाऊ, मॉनिटर मी दिलेला आहे."

"तुमी त्यांनी मागितला तो दिला." आवाजात राग अजिबात नव्हता. "मी मागितला तो नाय दिला."

त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्यापाशी कधीही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तो आयपीएस गाडीत घालून मी त्यांच्याबरोबर हॉस्पिटलला गेलो. डॉक्टरांचे पेशंट संपेपर्यंत थांबलो. दशरथभाऊंनी त्यांच्या मॉनिटरवर अक्काचा फोटो लावला आणि पुण्याचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, मग फोटो बघितला. बराच वेळ बघितला.

"दशरथ, खरं सांगतो," ते म्हणाले, "मला यात आजही काही दिसत नाही."

"वाका, सर."

डॉक्टर वाकले. आणि तसेच राहिले. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "तेव्हा दिसलं असतं तरी काय झालं असतं, सांगता येत नाही," ते म्हणाले. "हे मी तुला समजूत घालायला म्हणत नाही. खरंच सांगता येत नाही."

"व्हय, सर."

"मॉनिटर ठेवून जा," डॉक्टर मला म्हणाले. आम्ही आणलेलं खोकं उघडावंही लागलं नव्हतं, तरी तो राहिला. चौथा अर्ज लागला नाही.

अक्का आणखी तीन महिने होती. दशरथभाऊ रजा टाकून बेल्ह्यालाच राहिले. मी एकदा भेटायला गेलो. पडवीत खाटेवर ती बसली होती, पाठीला उशा लावून. बोलताना दम लागत होता तरी माझी चौकशी केली, चहा टाकायला सुनेला हाक मारली. मग भावाकडं बघत मला म्हणाली, "ह्याला लई लागलंय मनाला. पन चूक माझीच हाय वो. घरात यवढा फोटो काढनारा भाऊ असून मी अंगावर काढलं. गेले त्याच्या आधीच जायला पायजे व्हतं ह्याच्याकडं."

दशरथभाऊ तिच्या पायाशी बसले होते. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं आता सांगतील. की अक्का, तू आली होतीस. वेळेवर आली होतीस. त्यांचे ओठ हललेही. पण सुनेनं चहा आणला, आणि ते उठून तिच्या हातातली कपबशी घ्यायला गेले.

सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. अक्का ती चूक आपलीच समजून गेली.

कामावर परत आल्यावर दशरथभाऊंनी एक नवीनच गोष्ट सुरू केली. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ते नव्या मॉनिटरवर जुने फोटो बघत बसायचे. मशीनमध्ये मागच्या काही वर्षांचे होते तेवढे सगळे. डॉक्टरांनी विचारलं, काय शोधतोस? ते म्हणाले, "राहिलेलं."

त्यांना तीन सापडले. एक जण पुण्यात उपचार घेऊन बरा झालेला होता, त्याच्या मुलानं फोनवर सांगितलं. एकाचा फोन बंद. तिसऱ्याचा नंबर नव्हता, नुसता पत्ता होता, आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका वाडीचा. दशरथभाऊ मला म्हणाले, "येता का? मला एकट्याला जाववत नाय."

घोडेगावच्या पुढं डिंभे धरणाचं पाणी डाव्या अंगाला ठेवून आम्ही माझ्या मोटारसायकलवरून गेलो. भाताची कापणी झाली होती. वाडीत विचारत विचारत घर सापडलं. अंगणात एक बाई भात झोडत होती. आम्ही हॉस्पिटलमधून आलोय म्हटल्यावर तिनं पदर सारखा केला.

"ते तं गेले," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली. तुमाला कळलं नाय व्हय?"

दशरथभाऊ अंगणाच्या कडेला टेकले. तिनं पाणी आणून दिलं. मग आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद घेऊन आली आणि त्यांच्यापुढं धरला.

"ह्ये बघा ना, साहेब. तुमच्याच दवाखान्याचा हाय. पोर वाचून दाखवतं, का छातीत काय नाय म्हनून लिवलंय. मंग खोकून खोकून कशानं गेले वो? मी सगळ्यांना इचारते. कुनी सांगत नाय. तुमी फोटोवाले हाये ना?"

दशरथभाऊंनी कागद वाचला. परत पहिल्यापासून वाचला. होत्या त्याच घडीवर दुमडून पिशवीत घातला आणि तिला दिला.

"मला न्हाई सांगता यायचं, बाई," ते म्हणाले.

बाईनं मान हलवली. तिला वाटलं असावं, हेही इतरांसारखेच, यांनाही ठाऊक नाही. तिनं आम्हाला कोरा चहा दिला, आणि निघताना नको नको म्हणत असताना पिशवीभर नवा तांदूळ बांधून दिला. परतीच्या वाटेवर ती पिशवी दशरथभाऊंच्या मांडीवर होती. घोडेगाव आलं. तिथं मी गाडी थांबवली, तर म्हणाले, "सांगितलं असतं तर तिला काय मिळालं असतं?"

मी म्हणालो, "काही नाही."

"नाय सांगितलं तर मला काय मिळालं?"

मी गाडी पुन्हा सुरू केली.

जुने फोटो बघणं त्यांनी त्या दिवसापासून सोडलं. पुढं त्याची गरजही उरली नाही. हॉस्पिटलनं सगळे फोटो पुण्याला पाठवून तिथून रिपोर्ट मागवायला सुरुवात केली. अर्ध्या तासात रिपोर्ट डॉक्टरांच्या मोबाइलवर यायचा. फोटोही ते मोबाइलवरच बघायचे, तळहाताएवढा. टेबलावर मॉनिटरची जागा अडते म्हणून तो काढला गेला. मी नंतर एकदा वायरिंगच्या कामाला गेलो तर तो बाहेर पेशंट बसतात तिथं भिंतीवर टांगलेला. त्यावर नंबर येत होते. एकवीस, बावीस. कुठल्याही बाकड्यावर बसा, कुठल्याही कोपऱ्यात उभे राहा, आकडा स्वच्छ दिसत होता.

दशरथभाऊंच्या खोलीत डोकावलो. ते एका म्हाताऱ्याला मशीनसमोर उभं करत होते. "श्वास धरा. सोडा. झालं." म्हातारा शर्ट घालायला लागला. फोटो पडद्यावर उमटला होता. दशरथभाऊंनी त्याकडं न बघता तो पुढं पाठवला आणि पुढच्याला हाक मारली. मला बघून म्हणाले, "तिकडं पुन्याला चांगले मॉनिटर हायेत म्हनं. लई चांगले."

त्यांना कुणी काढलं नाही. काही महिन्यांनी ते आपणहून जायचे थांबले. दुकानातही येईनासे झाले. मी फोन केला की मुलगा उचलायचा, बाबा शेतात आहेत म्हणायचा.

शेवटचे दिसले ते गेल्या वर्षी, बेल्ह्याच्या बैलबाजारात. मी तिथल्या एका दुकानात कॅमेरे बसवायला गेलो होतो. काम उरकून गर्दीतून वाट काढत होतो, तर टेंपोंच्या रांगेपाशी ते उभे. दाढी वाढलेली, पांढरी. हातात एका खोंडाचा कासरा. अक्काच्या नवऱ्याला गुडघ्यांमुळं आता उभं राहवत नव्हतं, म्हणून त्यांचं जनावर विकायला हे आले होते.

"दशरथभाऊ!"

"या," ते म्हणाले. "बरं हाय ना? दुकान?"

"चाललंय. तुम्ही येत नाही आता."

"नाय जमत."

तेवढ्यात एक व्यापारी मधे आला. त्यानं खोंडाच्या पाठीवर थाप मारली, खुरं बघितली, तोंड उघडून दात बघितले. मग वेसणीला धरून मान उजेडाकडं वळवली आणि थबकला.

"पावणं, ह्या डोळ्यात पांढरं फूल पडल्यागत वाटतंय का वो? का मलाच भास हुतोय? बघा बरं जरा तुमी."

खोंड मान हिसडत होता. ऊन सरळ त्याच्या डोळ्यात होतं. दशरथभाऊ त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर उभे होते, नुसती मान वळवली असती तरी पुरे होतं. त्यांनी कासरा दुसऱ्या हातात घेतला आणि टेंपोंच्या पलीकडं, रस्त्याकडं तोंड केलं.

"तुमीच बघा, पावणं," ते म्हणाले. "माझ्या बघन्यावर जाऊ नका."

व्यापारी पुन्हा वाकून डोळा बघायला लागला. मी थोडा वेळ थांबलो. दशरथभाऊंनी तोंड फिरवलं नाही. मग एक टेंपो मागं येऊ लागला, माणसं बाजूला झाली, मीही झालो.